श्रेयांकांचा प्रवास: अर्धवट शिक्षणाला किंमत कशी मिळाली



काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी एका मुलीचा अर्ज आला. वडिलांची नोकरी बदलीची. त्यामुळे तिचे पहिले सत्र एका राज्यातल्या महाविद्यालयात आणि दुसरे सत्र दुसऱ्या राज्यातल्या महाविद्यालयात झाले होते. दोन्हीकडे ती सर्व विषयांत उत्तीर्ण होती. मी तेव्हा समकक्षता समितीवर होतो. आमच्याकडे इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हा विषय एकाच सत्रात, ४ श्रेयांकांचा. तिच्या पहिल्या महाविद्यालयात त्यातला स्टॅटिक्सचा भाग २ श्रेयांकांचा होता आणि योगायोगाने दुसऱ्या महाविद्यालयात डायनॅमिक्सचा भाग २ श्रेयांकांचा होता.

आम्ही पहिले गुणपत्रक पाहिले. २ हे ४ पेक्षा कमी, म्हणून विषय अमान्य. दुसरे गुणपत्रक पाहिले. २ हे ४ पेक्षा कमी, म्हणून अमान्य. दोन्ही कागद शेजारी ठेवून बेरीज मात्र कोणीच केली नाही. त्या एका विषयामुळे किमान श्रेयांकांची अट पूर्ण होईना आणि तिला पुन्हा पहिल्या वर्षात बसावे लागले. तिचे एक वर्ष गेले. त्या निर्णयावर माझीही सही आहे.

इंजिनिअर माणसांच्या समितीत २ आणि २ मिळून ४ का झाले नाहीत, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत राहिला. त्याचे उत्तर शोधताना श्रेयांकांचा, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला सरळ क्रेडिट म्हणतो त्याचा, इतिहास वाचावा लागला. तोच आज आपण पाहणार आहोत. हा इतिहास तुमच्या गुणपत्रकातल्या एका लहानशा रकान्याचा आहे, पण त्या रकान्यावर कुणाचे वर्ष वाचते आणि कुणाचे जाते.

१. पदवी अखंड होती तेव्हा

भारतात आधुनिक विद्यापीठे १८५७ साली सुरू झाली: कोलकाता, मुंबई आणि मद्रास. तिन्हींसमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता. शिकवायचे महाविद्यालयाने, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने आणि पदवीही द्यायची विद्यापीठाने. या रचनेत शिक्षण ही विषयांची बेरीज नव्हती, तर परीक्षांची शिडी होती. मॅट्रिक, मग मधली परीक्षा, मग बी. ए. पायरी चढलात तर वर गेलात; नाही चढलात तर वर्ष गेले. एखाद्या विषयात उत्तम गुण मिळाले आणि दुसऱ्यात नापास झालात, तर त्या उत्तम गुणांचे खाते कुठेही जमा राहत नसे.

वर्गात बसण्याचे मोजमाप 'टर्म' या शब्दाने होई. विद्यार्थ्याने 'टर्म भरली' का, एवढेच पाहिले जाई. ही कल्पना इंग्लंडमधून आली. लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठीसुद्धा 'टर्म' पूर्ण कराव्या लागत, आणि त्या पूर्ण करणे म्हणजे ठरावीक संख्येने भोजनांना हजर राहणे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत याचे गमतीदार वर्णन केले आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या तुमच्या आई-वडिलांना विचारा, त्यांना 'एटीकेटी' हा शब्द नक्की माहीत असेल. त्याचा विस्तार 'अलाउड टू कीप टर्म्स'. काही विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात टर्म भरायला परवानगी आहे, असा त्याचा अर्थ. परवानगी हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

विद्यापीठ बदलायचे झाले, तर प्रश्न आणखी अवघड. भारतीय विद्यापीठांनी १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन केले. आज आपण त्याला भारतीय विद्यापीठ संघ म्हणून ओळखतो. एकमेकांच्या पदव्यांना मान्यता मिळावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. पण मान्यता मिळत होती ती पूर्ण झालेल्या पदवीला किंवा परीक्षेला. अर्धवट शिक्षण मोजायला मापच नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१५ मध्ये एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये लंडनला परतले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच. डी. पदवी त्यांना १९२७ मध्ये मिळाली.

तीन गोष्टी इथे दिसतात: एकाहून अधिक संस्था, मध्येच तुटलेले शिक्षण आणि नंतर पुन्हा जोडलेला धागा. आजच्या भाषेत हेच 'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट'. फरक एवढाच, की तेव्हा हा धागा जोडला गेला तो एका विद्यार्थ्याला मिळालेल्या परवानगीमुळे. सर्वांना लागू होईल असा नियम नव्हता. श्रेयांकांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे परवानगीकडून हक्काकडे झालेली, अजूनही अपुरी अशी वाटचाल आहे.

२. विषयांची बेरीज म्हणजे पदवी

ही वाटचाल सुरू झाली अमेरिकेत. चार्ल्स एलियट हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि १९०९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्याआधी तिथल्या बहुतेक महाविद्यालयांत ग्रीक, लॅटिन, गणित असा ठरलेला अभ्यासक्रम सगळ्यांनी एकत्र पूर्ण करायचा असे. एलियट यांनी विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले.

स्वातंत्र्य दिले की हिशेब ठेवावा लागतो. शंभर विद्यार्थी शंभर वेगवेगळे विषयसंच घेऊ लागले, तर सगळ्यांना एकच पदवी कोणत्या आधारावर द्यायची? मग प्रत्येक विषयाला वजन देणे आले. आठवड्याला किती तास, किती आठवडे, यावरून विषयाचे माप ठरू लागले. पदवी आता शिडी राहिली नाही, ती बेरीज झाली. आणि बेरजेतली एक संख्या दुसऱ्या ठिकाणाहून आणता येते, ही शक्यता पहिल्यांदा इथे निर्माण झाली.

३. पेन्शनमधून जन्मलेले माप

या मापाला देशभर एकसारखेपणा आला तो मात्र अनपेक्षित कारणाने. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे पगार किती तुटपुंजे आहेत, हे पाहून त्यांना आश्चर्य वाटले. प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांनी १९०५ मध्ये १ कोटी डॉलर दिले आणि त्यातून कार्नेगी फाउंडेशन उभे राहिले. पण पेन्शन द्यायची कोणत्या संस्थांच्या प्राध्यापकांना? तेव्हा अमेरिकेत 'कॉलेज' हे नाव कोणीही लावत असे. म्हणून फाउंडेशनने अट घातली: शाळेत किमान १४ 'युनिट' पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांनाच जे प्रवेश देते, ते कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास.

पेन्शन हवी म्हणून महाविद्यालयांनी हे माप स्वीकारले आणि प्रवेश हवेत म्हणून शाळांनी. काही वर्षांतच ते सर्वत्र रूढ झाले.

त्यानंतर आमच्याच पेशातला एक माणूस या कथेत येतो. मॉरिस कुक हे यंत्र अभियंता, कारखान्यातल्या कामाचे घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या वर्तुळातले. फाउंडेशनच्या सांगण्यावरून त्यांनी काही विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांची पाहणी केली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. कारखान्यात जसा दर नगामागे खर्च काढतात, तसा शिक्षणाचा खर्च काढण्यासाठी त्यांनी 'विद्यार्थी-तास' हे एकक सुचवले: एका विद्यार्थ्यासाठी व्याख्यानाचा, प्रयोगशाळेचा किंवा वर्गपाठाचा एक तास.

आता नीट पाहा. युनिट जन्मले ते पेन्शन कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी. विद्यार्थी-तास जन्मला तो खर्च मोजण्यासाठी. विद्यार्थ्याला किती समजले, हे मोजण्यासाठी यातले काहीच तयार झाले नव्हते. श्रेयांक हे मुळात वेळेचे माप आहे. कार्नेगी फाउंडेशनने २०१५ मध्ये स्वतःच या मापाचा फेरविचार करणारा अहवाल काढला. हे माप शिकणे मोजत नाही हे मान्य करूनही, त्याच्या जागी सर्वांना चालेल असे दुसरे माप तयार नाही, असाच त्याचा रोख होता.

४. माप एक, तरी बेरीज का चुकते?

माप हाती आल्यावर स्थलांतराची वाट मोकळी झाली. शिकागोजवळच्या जोलिएट गावी १९०१ मध्ये शाळेचे अधीक्षक स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम हार्पर यांच्या पुढाकाराने अमेरिकेतले पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी अवघे सहा. गावातच पहिली दोन वर्षे शिकायचे आणि मग विद्यापीठात जायचे, ही कल्पना. पैसे नसलेल्या किंवा घर सोडता न येणाऱ्या मुलांसाठी ती मोठी सोय होती. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या बृहद् आराखड्यात अशा महाविद्यालयांतून विद्यापीठात जाण्याचा मार्ग राज्याच्या धोरणाचाच भाग केला.

पण प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक गमावले होते. ज्या देशात श्रेयांक जन्मले, सगळ्यांचे माप एकच आणि पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात हे सर्वांना ठाऊक, त्या देशातली ही स्थिती.

कारण सरळ आहे. माप सारखे असले तरी स्वीकारणारा आपल्या मर्जीने स्वीकारतो. 'तुमचा विषय आमच्यासारखा आहे, हे सिद्ध करा' असे तो म्हणतो आणि सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर टाकतो. शिवाय विषय 'ऐच्छिक' म्हणून मान्य करून मुख्य विषयाच्या जागी अमान्य करणे, ही पळवाट असतेच. श्रेयांक खात्यात दिसतात, पण पदवीच्या कामी येत नाहीत.

५. युरोपने भार कोणावर टाकला

युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस कार्यक्रम सुरू झाला. एका देशातला विद्यार्थी काही महिने दुसऱ्या देशात शिकून परत येऊ लागला. त्या शिक्षणाचा हिशेब व्हावा म्हणून १९८९ मध्ये युरोपीय श्रेयांक हस्तांतर पद्धत प्रायोगिक तत्त्वावर आली. १९९९ मध्ये २९ देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्यानंतर ती बहुतेक युरोपभर पसरली. या पद्धतीत एका वर्षाचे ६० श्रेयांक आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तास. मात्र हे तास वर्गातले नव्हेत. विद्यार्थ्याने स्वतः वाचन, गृहपाठ, प्रकल्प, परीक्षेची तयारी यांत घालवलेला वेळही त्यात धरला जातो. शिक्षक किती वेळ बोलला याऐवजी विद्यार्थी किती वेळ राबला, हे मोजणे सुरू झाले.

याहून महत्त्वाचा बदल १९९७ च्या लिस्बन करारात झाला. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून केलेल्या या कराराचे तत्त्व असे: 'ठळक फरक' दाखवता आला नाही, तर शिक्षण मान्य करायचे. आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या बाजूची, विद्यार्थ्याची नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची समिती आठवली. आम्ही त्या मुलीला विचारले होते, 'तुझा विषय आमच्याशी जुळतो का?' खरे तर आम्ही स्वतःला विचारायला हवे होते, 'हिला पुढचे विषय झेपणार नाहीत, असा कोणता ठळक फरक आपल्याला दिसतो?' स्टॅटिक्स झाले आहे, डायनॅमिक्स झाले आहे, मग फरक तरी कोणता? उत्तर देता आले नसते.

६. भारतातली वाट

भारतात श्रेयांक पद्धत आली ती अमेरिकी सहकार्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांमधून. पंतनगरचे कृषी विद्यापीठ १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने उभे राहिले. आयआयटी कानपूरला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी संस्थांच्या गटाचे साह्य मिळाले. सत्र, श्रेयांक, अक्षरश्रेणी आणि शिकवणाऱ्यानेच केलेले मूल्यमापन हे तिथे रुजले. पण ही बेटे होती. आसपासची बहुतेक विद्यापीठे वार्षिक परीक्षेवरच चालत होती.

दुसरा प्रवाह मुक्त शिक्षणाचा. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, संसार, शेती सांभाळून शिकणाऱ्या माणसाचे 'वर्ष' मोजण्यात अर्थ नव्हता. म्हणून इग्नूने एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास असे माप धरले.

पुढच्या पायऱ्या तुमच्या डोळ्यांसमोरच्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०१६ च्या नियमांनी 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना २० टक्क्यांपर्यंत स्थान दिले आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर, जुलै २०२१ मध्ये 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' म्हणजे श्रेयांक बँकेचे नियम आले. वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक एका खात्यात जमा व्हावेत आणि पुढे पदवीसाठी वापरता यावेत, ही त्यामागची कल्पना. नियमांप्रमाणे श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षे वैध राहतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक असे गणित मांडले.

इथे एककांची काळजी घ्या. अमेरिकेत वर्षाचे साधारण ३० श्रेयांक, युरोपात ६०, आपल्या आराखड्यात ४०. मीटर आणि फूट जसे थेट बेरजेत घेत नाहीत, तसेच हे. परदेशी अर्ज करताना आकडा नुसता लिहू नका. 'वर्षाचे इतके, त्यांपैकी माझे इतके' असे लिहा.

७. बँक काय करते आणि काय करत नाही

बँक खात्यात शिल्लक दाखवते. पण त्या रकमेत तुम्हाला काय मिळेल, हे दुकानदार ठरवतो. श्रेयांक बँकेचेही तसेच आहे. तुमचे श्रेयांक खरे आहेत, एवढे ती निर्विवाद सांगते, आणि हे लहान काम नाही. बनावट गुणपत्रकाचा संशय, हरवलेले कागद, जुन्या महाविद्यालयाचे हेलपाटे यांतून ती सुटका करते. पण तुमचे मेकॅनिक्स आमच्या मेकॅनिक्सच्या जागी चालेल का, हा निर्णय अजूनही माणसेच घेतात.

तो निर्णय सदैव उदार असावा, असेही मी म्हणणार नाही. लाप्लास रूपांतर न शिकलेला विद्यार्थी कंट्रोल सिस्टिमच्या वर्गात बसवला, तर आपण त्याच्यावर उपकार करत नाही. ठळक फरक असेल तर तो सांगितलाच पाहिजे. पण तो सांगण्याची, लेखी सांगण्याची आणि भरून काढण्याचा मार्ग देण्याची जबाबदारी संस्थेची आहे. त्या मुलीच्या बाबतीत फार तर एक लहान परीक्षा घेता आली असती. पुढे ती माझ्याच वर्गात आली. ट्रसमधली बले काढताना माझे फळ्यावरचे उत्तर पूर्ण व्हायच्या आत तिचे वहीत तयार असे.

८. तुमच्यासाठी

प्रत्येक सत्राचा तपशीलवार अभ्यासक्रम, घटक आणि तासांसह, त्याच वर्षी जपून ठेवा. संकेतस्थळे बदलतात आणि जुने अभ्यासक्रम नाहीसे होतात. गुणपत्रकावर विषयाचे फक्त नाव असते. समितीला घटक लागतात. महाविद्यालय सोडण्याआधी आपले श्रेयांक बँकेच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाले आहेत का, ते पाहा. प्रवेशाच्या वर्षी लागू असलेला नियम वाचा, कारण नियम बदलत राहतात. एकाहून अधिक ठिकाणी शिकला असाल, तर अर्जासोबत स्वतःच एक तक्ता द्या: डाव्या बाजूला नव्या संस्थेचा विषय, उजव्या बाजूला तुमच्या सर्व संस्थांमधले त्याला लागू पडणारे भाग आणि त्यांची बेरीज. आणि नकार मिळाला तर नम्रपणे, पण लेखी विचारा: 'नेमका फरक कोणता?'

असा तक्ता तेव्हा आमच्यासमोर असता, तर ती बेरीज आम्हाला करावीच लागली असती. आता आमच्या समितीत प्रत्येक अर्जासाठी तो आम्हीच करतो.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. 'परवानगी' आणि 'हक्क' यांतला फरक या पाठातल्या दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

२. श्रेयांक हे वेळेचे माप आहे. शिकणे मोजणारे माप तुम्हाला तयार करायचे असेल, तर त्यात काय धराल?

३. तुमच्या चालू सत्रातला एक विषय घ्या. दुसऱ्या विद्यापीठाच्या त्याच विषयाच्या अभ्यासक्रमाशी त्याची घटकवार तुलना करा. ठळक फरक आहे का?

४. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान ५० टक्के श्रेयांक हवेत, या अटीच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक मुद्दा लिहा.